साहेबांच्या आवाजाची सेटिंग

आमच्या जालन्यातल्या कार्यालयात व्हिडिओ कॉन्फरन्सचं यंत्र आलं तेव्हा त्याचा सगळ्यात मोठा उपयोग साहेबांचा आवाज भारदस्त करण्यासाठी झाला. यंत्र अर्थातच जनतेसाठी होतं. जनता क्वचित यायची, साहेब रोज असायचे.

ते माझ्या ताब्यात होतं, कारण शेजारच्या दालनातला टेपरेकॉर्डर मी एकदा दुरुस्त केला होता. नव्या यंत्रात इक्वलायझर होता. आवाजातला खर्ज किती ठेवायचा आणि धार किती, हे त्याच्या फिल्टरांवर ठरायचं. साहेबांचा मूळ आवाज तसा बारीक. "जरा वजन येऊ द्या," असं ते म्हणाले आणि मी खर्ज वाढवला. मग माइक शिट्टी मारायला लागला, म्हणून वरचे सूर जवळजवळ छाटून टाकले. साहेब विहिरीतून बोलल्यासारखे घुमायला लागले आणि खूष झाले. "आता हात लावायचा नाही," असा हुकूम निघाला. मी तो लेखी असल्यासारखा पाळला.

त्यानंतर ज्या ज्या बाया त्या माइकसमोर बसल्या, त्यांचं बोलणं विभागीय कार्यालयात कुणाला कळलं नाही. आम्ही निष्कर्ष काढला की बायकांना माइकवर बोलता येत नाही. मीही मान डोलवली. वरचे सूर मीच छाटले होते, मग मान डोलवायला तेवढं कारण पुरेसं नव्हतं का?

त्या उन्हाळ्यात भोकरदनकडच्या एक सरपंचबाई आल्या. विहिरीला पाणी आहे असा आमच्या कार्यालयातून अहवाल गेला होता आणि त्यांच्या गावचा टँकर बंद झाला होता. तो सुरू करायचा अधिकार पडद्यावरच्या मोठ्या साहेबांना होता. बाई बोलल्या.

"काही कळत नाही," पडद्यावरून उत्तर आलं. "मोठ्यानं बोलायला सांगा."

बाई ओरडल्या. तिकडे अजूनच गोंधळ झाला.

"मी बोलतो साहेब," म्हणत त्यांचे यजमान उठले. गावात कारभार तेच पाहायचे. त्यांचा आवाज आमच्या सेटिंगला असा शोभला की जणू मी मापच घेतलं होतं. त्यांनी समाजमंदिर मागितलं.

"आणि पाण्याचं?" पडद्यावरून विचारणा झाली.

"पाण्याचं चाललंय बराबर."

"चाललंय?" बाई माइक सोडून त्यांच्यावर उसळल्या. "मी चालून राह्यले, डोक्यावर हंडा घेऊन! तुम्ही कधी गेल्ता विहिरीवर? गाळ हाय नुस्ता!"

हे सगळ्या दालनानं ऐकलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्यांना फक्त घूंघूं ऐकू गेलं. मोठे साहेब पुढच्या तालुक्याचं नाव घ्यायला लागले.

मी धाडसी माणूस नाही. घाम पुसण्याच्या निमित्तानं मी यंत्राकडे सरकलो, खर्ज उतरवला आणि वरचे सूर हळूहळू मोकळे केले. माइकनं एक लहानशी शिट्टी मारली. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बदलीचं गावसुद्धा मला दिसलं.

"बोला बाई, आता बोला," मी म्हणालो.

बाई बोलल्या. विहीर, गाळ, दीड कोसावरचा हातपंप, सगळं.

"आता स्पष्ट येतंय," मोठे साहेब म्हणाले. "टँकर उद्यापासून सुरू करा. अहवाल कुणी दिला होता?"

आमच्या साहेबांनी माइक ओढला आणि आपल्या खऱ्या आवाजात खुलासा सुरू केला.

"तुम्हाला सर्दी झालीय का?" पडद्यावरून विचारणा झाली.

साहेबांना त्या दिवशी जे सोसावं लागलं त्याबद्दल मला फार वाईट वाटायला हवं. मी प्रयत्न करतो आहे.

निघताना बाई यंत्रापाशी थांबल्या. मी आभाराची वाट पाहत उभा होतो.

"भाऊ, एवढं तुमच्या हातात व्हतं?"

"हो."

"मंग मला एवढं वरडू कशाला दिलं?"

यजमानांनी जीप लागल्याचं सांगितलं. बाई गेल्या.