उलटं शिवणारी बाई

माझी मोठी जाऊ सेहेचाळिसाव्या वर्षी चित्रकलेच्या कॉलेजात गेली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त मीच हसले होते. आता खोटं कशाला बोलू? आम्ही दोघी वीस वर्षं एकाच खोलीत, समोरासमोर मशीन टाकून कपडे शिवतोय. मापांच्या वहीत मागच्या पानांवर ती गिऱ्हाइकांचे हात काढत बसायची, ते मला माहीत होतं. पण म्हणून थेट कॉलेज? "ताई, चष्म्याचा नंबर वाढायचं वय आपलं," मी म्हटलं. तिने कानाआड केलं आणि तीन वर्षं रेटून काढली.

शेवटी दोन महिने स्टुडिओत इंटर्नशिप करायची असते. तिचं प्रमाणपत्र नसेल तर डिग्री नाही. ताईला जाहिरातींच्या कार्टून फिल्म बनवणारा स्टुडिओ मिळाला. बाकीची पोरंपोरी विशीतली, सरसुद्धा माझ्या थोरल्याच्या वयाचे. ते हिला काकू म्हणायचे, ही त्यांना सर म्हणायची. तिथे पहिलं आणि शेवटचं चित्र सर काढतात, मधली हलती चित्रं शिकाऊ मंडळींनी काढायची. ताईच्या वाट्याला नेमकं काय यावं? मशीनवर शिवणारी बाई! दोन सेकंदांसाठी अठ्ठेचाळीस चित्रं. रोज सकाळी निघायच्या आधी मला मशीनवर बसवून ती माझ्या बोटांचे फोटो काढायची. माझी गिऱ्हाइकं खोळंबायची, मी कटकट करायचे, पण बसायचे.

शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून मीही गेले. सरांनी ताईची चित्रं पडद्यावर चालवून बघितली.

"काकू, काम झकास! फक्त कापड पुढे सरकतंय, ते बाईच्या मांडीवर यायला हवं. तिथे त्याचे रंग छान दिसतात. चित्रं उलट्या क्रमाने लावा, एका मिनिटाचं काम आहे."

"सर, शिवताना कापड आपल्यापासून लांबच जातं. उलटं लावलं तर चाकही उलटं फिरेल. दोरा तुटेल."

"चित्रातला दोरा कसा तुटेल, काकू?" पोरं फिदीफिदी हसली. "आणि कोणाला कळणार आहे?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "मला कळणार आहे! वीस वर्षं काय झक मारली का आम्ही?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईने माझा हात दाबला.

"मी नाही करणार, सर," ती म्हणाली.

"मग सांगितलेलं काम केलं नाही, असंच मला लिहावं लागेल. प्रमाणपत्र नाही मिळणार."

"लिहा."

एवढं तावातावाने बोलून झाल्यावर माझंच अवसान गळालं. मी तिच्या कानाशी लागले, "ताई, कर ना गं. एका मिनिटापायी तीन वर्षं पाण्यात घालतेस?"

"अगं, ते हात तुझे आहेत," ती म्हणाली. "तुझ्या हातांनी उलटं शिवून घेऊ मी?"

सरांनी मग स्वतःच बटण दाबलं. पडद्यावर माझी बोटं कापड मांडीवर ओढायला लागली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने पर्स उचलली. मी तिच्या मागे निघाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. डिग्री थांबली होती, इंटर्नशिप पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून करायची. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, इंटर्नशिप अपुरी राहण्याचं कारण.

"घरगुती अडचण लिहा, बाई. सगळे तेच लिहितात," तो म्हणाला.

"घरची काही अडचण नाही," मी म्हटलं.

ताईने चष्मा लावला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'त्यांना बाई उलटं शिवणारी हवी होती. मला उलटं शिवता येत नाही.'