ताप उतरल्यावरचे दिवस

कर्नाटकातल्या सागर तालुक्यातल्या त्या गावात माकडताप कुणाला चढला, की डॉक्टरच्या आधी चौडम्माचं नाव निघे. ती गावची आशाताई. तिची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. ताप उतरला तरी ती माणसाचा पिच्छा सोडत नसे. तीन आठवडे रोज सकाळी दारात हजर: आज वार कोणता, काल काय जेवलात, मान वाकते का? लोक म्हणत, "आली बाई परीक्षा घ्यायला!"

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा तिप्पेश असाच तापातून उठला होता. तिने आनंदाने पायस केलं आणि त्याला सुपारीच्या बागेत जाऊ दिलं. दहा दिवसांनी ताप उलटला तो थेट मेंदूवर, आणि तिप्पेश वाचला नाही. हा विषाणू कधीकधी हरल्याचं सोंग घेऊन पुन्हा उठतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिने हे काम धरलं. सासऱ्याने, हुच्चप्पाने, तिला एका शब्दाने बोल लावला नाही. पण पोराचं नावही पुन्हा काढलं नाही.

यंदा बागेच्या कडेला हुच्चप्पाला मेलेलं माकड दिसलं. हात लावू नका, आधी कळवा, असं सून घसा कोरडा करून गावभर सांगत हिंडत होती. पण मारुतीचं लेकरू उघड्यावर कसं टाकायचं? म्हाताऱ्याने त्याला न्हाऊ घातलं, कुंकू लावून पुरलं. माकड थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या, ताप पसरवणाऱ्या गोचिडी दुसरं ऊबदार अंग शोधतात. सहाव्या दिवशी म्हातारा फणफणला.

"मामंजी, हात लावलात ना?"

"देवाला हात लावायला तुझी चिठ्ठी लागते का गं?"

ती भांडत बसली नाही. त्याच दिवशी त्याचं रक्त शिमोग्याला गेलं, आणि निदान पक्कं झालं. या विषाणूला मारणारं औषध नाही. सलाईन, तापाची गोळी, कुठून रक्त तर येत नाही ना यावर नजर. बाकीची झुंज शरीराची. नवव्या दिवशी हुच्चप्पा दवाखान्यातून घरी आला आणि त्याचीही परीक्षा सुरू झाली.

"शाळेत गेलो नाही, म्हणून म्हातारपणी घरात मास्तरीण आली," तो कुरकुरे.

परीक्षेच्या बाराव्या सकाळी त्याने वार बरोबर सांगितला. काल पेज प्यायलो, हेही सांगितलं. मग दाराकडे बघत म्हणाला, "तिप्पेश अजून कसा नाही आला? पानं गोळा करायला एवढा वेळ?"

किती वर्षांनी ते नाव या घरात ऐकू आलं होतं! चौडम्माला तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण तिने फोन उचलून ॲम्ब्युलन्स बोलावली. वाटभर तो तेच विचारत होता आणि ती त्याचा हात धरून सांगत होती, "येतोय, मामंजी. वाटेतच आहे."

वेळेवर पोचल्यामुळे म्हातारा वाचला. आठवड्याने डोळे निवळल्यावर त्याने विचारलं, "मी काय बरळलो?"

"काही नाही. गाईची चौकशी करत होतात."

"खोटं बोलू नकोस. मी त्याला विचारलं ना?"

तिने मान डोलावली.

"मग काय म्हणालीस?"

"येतोय म्हटलं."

"बरं केलंस," हुच्चप्पा म्हणाला. मग त्याने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तेव्हाही तुझी चूक नव्हती."