शिशाचे शिपाई

लग्न होऊन मी चाळीसगावहून धुळ्याला आले, तेव्हा नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सासर तिथल्या देवपूर भागात. ह्यांची नोकरी औषधांच्या कंपनीत, फिरतीची. सोमवारी बॅग घेऊन निघायचे ते शनिवारीच घरी. एरवी घरात आम्ही तिघंच, मी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. जमीन मोजणीच्या खात्यातून ते निवृत्त झालेले. आमच्यात सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. त्यांना चहा हवा असला तर ते सासूबाईंना सांगत आणि सासूबाई मला. तिघं एकाच खोलीत बसलेलो असलो तरी असंच. त्यात राग-रुसवा काही नव्हता. माहेरीही मी हेच पाहिलं होतं.

त्या वर्षी धाकटे दीर सुट्टीवर आले. मालवाहू बोटीवर नोकरी, वयाने माझ्याएवढेच. त्यांच्या सामानात पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. मी उचलायला गेले तर भलतंच जड. आत बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे शिशाचे शिपाई, करडे, रंग न दिलेले. निम्मे माणसांसारखे, अंगभर चिलखत घातलेले. निम्मे दुसऱ्या कुठल्यातरी ग्रहावरचे, पाठीवर काटे असलेले.

"खेळ आहे वहिनी," ते म्हणाले. "एका बंदरावरच्या दुकानात लोकांना खेळताना पाहिला आणि घेऊनच टाकला. दादाला विचारलं, तर तो झोपूनच गेला. तुम्ही खेळाल?"

मी बीएस्सी झालेली, स्वयंपाक आटोपला की दुपार मोकळी. हो म्हटलं.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. आम्ही दोघांनी मिळून ते वाचून काढलं. प्रत्येकाने मूठभर शिपाई घ्यायचे. एकाची पाळी झाली की दुसऱ्याची. पाळीत शिपाई ठरावीक इंच चालणार आणि एकदा गोळी झाडणार. लागली की नाही ते फासा ठरवणार. लागली तर चिलखताने वाचवलं का, हे बघायला पुन्हा फासा. मात्र कोण कोणावर गोळी झाडतोय हे आधी मोठ्याने सांगायचं आणि मगच अंतर मोजायचं. अंतर गोळीच्या ठरलेल्या पल्ल्यापेक्षा जास्त निघालं तर गोळी वाया.

शिपायांना रंग हवा होता. एरंडोलजवळ आबांच्या थोरल्या भावाची शेती होती. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगाच्या डब्या भाऊजी तिथून घेऊन आले. त्यामुळे आमचे अंतराळातले शिपाई हिरवे झाले आणि काटेवाले लालभडक. तखतावर मातकट चादर अंथरली, खाली पुस्तकं सरकवून टेकड्या केल्या. आगपेट्यांची घरं, पावडरच्या रिकाम्या डब्यांच्या टाक्या. कुठे आग लागली असं दाखवायचं तर कापसाचा पुंजका ठेवायचा.

पहिल्या डावात मी सगळे शिपाई एकदम पुढे पळवले आणि उघड्यावर सगळे गमावले. दुसऱ्या डावात डब्याआड लपवले, तर ते तिथेच बसून राहिले. थोडे पुढे जाणार आणि थोडे मागून त्यांना सांभाळणार, हे कळायला बरेच डाव गेले. आबा शेजारी खुर्चीत पेपर वाचत असायचे.

सुट्टी संपली. भाऊजी खोकं माझ्याकडेच ठेवून गेले. पुढे मी एकटीच दोन्ही बाजूंनी खेळू लागले. एकदा अशीच खेळत होते, तेव्हा पेपरमागून आवाज आला, "त्या टाकीजवळचा लाल शिपाई उघड्यावर आहे."

आबा कोणाला उद्देशून बोलले ते कळेना. खोलीत मीच होते. मी तो शिपाई आत सरकवला. थोड्या वेळाने पेपर घडी घालून बाजूला ठेवला गेला आणि खुर्ची तखताकडे सरकली. लाल बाजू त्यांनी घेतली.

नियम त्यांना ठाऊक होते. इतके दिवस ऐकतच होते ना. पण गोळी झाडायची वेळ आली आणि ते अडले. स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी सासूबाईंना हाक मारली, "तिला सांग, माझा पहिला शिपाई तिच्या टेकडीवरच्यावर गोळी मारतो म्हणून."

सासूबाई बाहेर आल्या. तखत बघून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "हाई काय मांडेल शे बठ्ठं?"

"खेळ आहे. तिला सांग."

"माले काय समजस त्यातलं? ती तुम्हना समोरच बठेल शे. तुम्हीच सांगा." आणि परत पोळ्या लाटायला गेल्या.

आबांनी स्वयंपाकघराकडून तोंड वळवलं. मग शिपायाकडे बघत म्हणाले, "टेकडीवरच्यावर."

मी मोजायची टेप पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. "जन्मभर जमिनी मोजल्या. गोळी तिथवर पोचते," म्हणाले आणि फासा टाकायला हात उचलला.

गोळी पोचत नव्हती. चादरीच्या चुणीत एक इंच तरी लपला होता. सांगायला सासूबाई तिथे नव्हत्या. मान खाली घालून मी म्हणाले, "आबा, पोचत नाही."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यांनी टेप ओढून चादरीवर ताणली, वाकून आकडा वाचला. "नाही पोचत," ते म्हणाले. "गोळी वाया. तुझी पाळी."

तो डाव मी हरले, पण त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही खेळू लागलो. पुढे पुढे भांडूही लागलो. डब्याआडचा शिपाई दिसतो की नाही, हे त्या शिपायाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघायचं असतं. दोघंही तखताला गाल टेकवून एकमेकांना "दिसतोय", "नाही दिसत" करत असायचो. माझा डोक्यावरचा पदर केव्हाच घसरलेला असायचा. एका शनिवारी हे घरात शिरले तर आमचा हाच वाद रंगात आला होता. ते दारातच बूट काढायचे थांबले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

त्या उन्हाळ्यात देवपुरातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला जागा निघाली. बीएड नसलं तरी तात्पुरतं घेणार होते. ह्यांचं म्हणणं, आबांना विचारू, पण विचारायचं कोणी? डाव अर्ध्यावर असताना मीच विचारलं.

"आबा, मला शाळेत अर्ज करायचाय."

त्यांनी आपला शिपाई हलवला, फासा टाकला. मग म्हणाले, "उन्हातून चालत जावं लागेल."

"जाईन."

"मग कर अर्ज."

सासूबाईंना आवडलं नाही. सकाळचा स्वयंपाक कोण करणार, यावर दोन दिवस घरात आवाज चढले. शेवटी भाजी मी पहाटे करून जायची आणि पोळ्या त्यांनी करायच्या, असं ठरलं. ठरवलं आबांनीच.

मुलाखतीला हे गावात नव्हते, म्हणून आबा सोबत आले. मुख्याध्यापकांनी आबांना खुर्ची दिली आणि त्यांनाच विचारलं, "काय आबा, सूनबाई घर सांभाळून शाळा करतील ना?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ती बसली आहे ना समोर," ते म्हणाले. "तिलाच विचारा."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. मी सांगितलं, करीन. मग त्यांनी प्रकाशाच्या परावर्तनाबद्दल विचारलं, आणि ते मला चांगलं येत होतं. जूनपासून मी सातवीच्या वर्गावर जाऊ लागले.