काचवालीच्या ट्रकला बसचा दांडा

काचवालीला काच कापता येत नसे. ते काम तिच्या नवऱ्याचं. त्याचा हात इतका सफाईदार की भिंतीएवढी काच रेघेवर अलगद मोडायचा, जणू पापडच. पण तोच माणूस ट्रकमध्ये बसला की दुसऱ्या वळणावर त्याला मळमळायला लागायचं. त्यामुळे पगारी ड्रायव्हर एके दिवशी न सांगता निघून गेला, तेव्हा दुकानासमोर काचांनी भरलेला ट्रक उभा आणि चालवायला कोणी नाही, अशी पंचाईत झाली. सून म्हणाली, "मी शिकते." सासरे म्हणाले, "शीक." नवऱ्याला कोणी विचारलं नाही. महिन्याभरात तिनं परवाना काढला. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली आणि तेव्हापासून गावभर तिला काचवाली हेच नाव पडलं.

सासरे म्हणजे मामंजी. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर काढलेली. निवृत्त होताना कारखान्यानं घड्याळ देऊ केलं, तर हे म्हणाले, घड्याळ नको, तो मोडीत निघालेला लेथ द्या. तो लेथ आता दुकानाच्या मागच्या शेडमध्ये होता आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही मामंजी रोज सकाळी अंघोळ झाल्याबरोबर त्याला तेल पाजायचे. सासू-सुनेची जोडी असते तशी ही सासरे-सुनेची जोडी. दिवसातून दोनदा भांडण ठरलेलं, तेही नट-बोल्टवरून.

त्या वर्षी डोंगरावर पोहण्याचा एक मोठा बंदिस्त तलाव बांधत होते. त्याच्या काचांचं काम यांच्या दुकानाकडे आलं. मोठ्या काचा आडव्या टाकून नेता येत नाहीत. ट्रकवर तंबूसारखी लाकडी घोडी असते, तिच्या दोन्ही अंगांना काचा टेकवून, पट्ट्यांनी आवळून, उभ्याच न्याव्या लागतात. म्हणजे सगळं वजन उंचावर. सपाट रस्त्यावर हरकत नसायची, पण घाटातल्या तिसऱ्या वळणावर ट्रक एका अंगाला कलला, सावरताना दुसऱ्या अंगाला गेला, पुन्हा पहिल्या अंगाला आला. पट्टे सुटले नाहीत. घोडी हलली नाही. पण मागून 'कट्' असा बारीक आवाज आला. वर पोचल्यावर पाहिलं तर चार काचांना कोपऱ्यापासून तडा गेलेला.

बांधकामावरचा इंजिनियर तसा भला माणूस. तो ओरडला नाही, पण म्हणाला, "बाई, या तर लहान होत्या. दर्शनी भिंतीच्या सहा काचा याच्या दुप्पट उंच आहेत. त्यांच्यासाठी शहरातली दुसरी गाडी बघू का?"

"बघू नका," काचवाली म्हणाली. "मला तीन आठवडे द्या."

"तीन आठवड्यांत काय होणार?"

"गाडी डोलायची थांबणार."

परत आली ती थेट शेडमध्ये. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि अंगावरचा स्वेटर काढून ट्रकखाली शिरले. पाठोपाठ तीही शिरली. मागच्या ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला एक पोलादी दांडा आडवा बांधलेला होता. त्याची दोन टोकं काटकोनात वळवून लिंकांनी, म्हणजे छोट्या जोडपट्ट्यांनी, वरच्या चॅसिसला, गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. याला स्टॅबिलायझर म्हणतात. गाडी एका बाजूला झुकायला लागली की हा दांडा पिळला जातो, आणि पिळायला तयार नसतो म्हणून गाडीला सरळ धरून ठेवतो. एवढंच त्याचं काम.

मामंजींनी व्हर्नियर लावून दांड्याची जाडी मोजली. "तीस मिलिमीटर. हा सामानाच्या गाडीचा दांडा आहे सूनबाई, काचेच्या नाही."

"जाड पाहिजे."

"अडतीसचा मिळाला तर अडीच पट ताकद येईल."

"नुसती पावपट जाडी वाढवून?"

"पिळाचं गणित असंच असतं. जाडी थोडी चढते, ताकद उडी मारते."

नवा दांडा मागवायचा तर त्या जुन्या गाडीला तसला कुणी बनवतच नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं भंगारशेठच्या आवारात. भंगारशेठ म्हणजे लठ्ठ, हसरा, आणि आपल्या ढिगाऱ्यातली प्रत्येक वस्तू ओळखणारा माणूस. त्यानं एका शहर-बसच्या सांगाड्याकडे बोट दाखवलं. "वहिनी, माणसं उभी राहून प्रवास करायची हिच्यात, टपापर्यंत भरून. तरी कधी डोलली नाही."

काचवाली बसखाली आडवी झाली. दांडा गंजला होता, पण वरवरच. तिनं तारेच्या ब्रशनं हातभर भाग घासला, नख फिरवून कुठे चीर आहे का पाहिलं आणि खालूनच ओरडली, "मामंजी, अडतीस भरला! आणि टोकांना एकेक नाही, दोन दोन भोकं आहेत."

दांडा घरी आला तेव्हा खरी मेख कळली. बस रुंद, ट्रक अरुंद. दांड्याची टोकं चॅसिसच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं बाहेर जात होती. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला सहज डोकावला आणि म्हणाला, "त्यात काय एवढं? गॅस मारतो, लाल करतो, आत वाकवतो. अर्ध्या तासाचं काम."

मामंजी असे काही चवताळले की गॅरेजवाला दोन पावलं मागे सरकला. "स्प्रिंगचं पोलाद आहे ते! लाल केलंस की त्याचा कस गेला. आज वाकेल, उद्या घाटात मोडेल. माझी सून चालवते ही गाडी!"

काचवालीनं बोटानं चार बोटांचं अंतर पुन्हा मोजलं आणि शांतपणे म्हणाली, "दांडा आत येत नसेल तर चॅसिसचे कान बाहेर काढू. बसला होतेच की तसले ब्रॅकेट."

पुन्हा भंगारशेठ. बसचे ब्रॅकेट मात्र आधीच कुणीतरी काढून घेतले होते. बराच वेळ शोधल्यावर काचवालीची नजर भंगारशेठच्या टेबलाकडे गेली. टेबलाला पाय नव्हते. खाली दोन्ही बाजूंना बसचेच दोन जाडजूड लोखंडी ब्रॅकेट लावून फळी ठेवलेली.

"शेठ, उठा."

"अहो वहिनी, माझं ऑफिस आहे ते!"

"ऑफिसला दोन ड्रम लावा. माझ्या गाडीला ड्रम चालत नाहीत."

भंगारशेठ हसत हसत उठला. स्वतःची वही, चष्मा आणि चहाचा पेला हातात धरून तो बाजूला उभा राहिला आणि दोघांनी त्याचं ऑफिस उचलून नेलं.

राहिले बुश. दांड्याला क्लॅम्पमध्ये धरणारी ही रबरी कडी बसमध्ये कुजून गेली होती. मामंजींनी छापखान्याच्या भंगारातून पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्याच पण चिवट प्लॅस्टिकचा जाड रोलर आणला. पण तो लेथवर धरला की मऊपणामुळे हत्यारापुढे दबायचा, कापलाच जायचा नाही. तेव्हा त्याचे तुकडे घरच्या फ्रीजरमध्ये गेले. जेवताना नवऱ्यानं बर्फ काढायला दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

"अगं, हे काय आहे?"

"बुश आहेत. हात लावू नका, कडक व्हायचेत."

"आणि आइस्क्रीम?"

"मामंजींनी संपवलं. जागा करायला."

मामंजी मान खाली घालून जेवत राहिले. गोठलेले तुकडे दुसऱ्या दिवशी लेथवर कसे लोण्यासारखे कापले गेले! चार बुश तयार झाले, एका बाजूनं चिरून दांड्यावर चढवले, ग्रीस भरलं. ब्रॅकेट चॅसिसच्या मूळच्याच भोकांत जाड बोल्टांनी आवळले. चॅसिसला वेल्डिंगचा एक ठिपकाही लावू द्यायला मामंजी तयार नव्हते.

चाचणीसाठी घोडीवर वाळूची पोती रचून गाडी माल उतरवायच्या रिकाम्या मैदानात नेली. मामंजींनी केबिनमध्ये फळीवर रेघा मारून ओळंबा टांगला होता. जुना दांडा काढण्याआधी याच मैदानात याच वेगानं गाडीचा गोल मारून पाहिला होता, तेव्हा तो पाचव्या रेघेपर्यंत गेला होता. आता दुसरीलासुद्धा शिवला नाही. मामंजींचा चेहरा फुलला.

पण काचवालीनं गाडी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथे गाड्या धुतल्याचं पाणी साचलेलं. तिनं तोच गोल मारला आणि मागची चाकं सर्रकन बाहेर सरकली. तिनं स्टिअरिंग उलट देऊन सावरलं, गाडी थांबवली.

"मागून घसरते," ती म्हणाली.

"पाण्यात कुठलीही घसरते."

"आधी नव्हती घसरत. मागचा भाग फार ताठ झालाय, चाक जमीन धरत नाही."

"जाड पाहिजे हे तूच म्हणालीस!"

"म्हणाले. आता जास्त झालं असंही मीच म्हणतेय."

मामंजी गाडीतून उतरले आणि मैदानाच्या कडेला जाऊन पाठ करून उभे राहिले. तिनं त्यांना तसंच राहू दिलं. त्यांचा राग किती वेळाचा, हे तिला माहीत होतं. मग खाली वाकून दांड्याच्या टोकांकडे बघत तिनं हाक मारली, "मामंजी, लिंक आतल्या भोकात आहेत. बाहेरच्या भोकात घेतल्या तर दांड्याचा वळलेला हात लांब होईल ना? मग तोच दांडा जरा मऊ लागेल."

मामंजी वळले आणि पाना घेऊन आले. अर्ध्या तासात लिंक बाहेरच्या भोकात गेल्या. या वेळी ओळंबा दुसऱ्या रेघेच्या जरा पुढे गेला आणि पाण्यात गाडी जिथे वळवली तिथेच वळली. तिनं तीनदा गोल मारला, चौथ्यांदा मामंजींना खाली उभं करून मागच्या चाकांवर नजर ठेवायला लावलं.

एकविसाव्या दिवशी सहा काचा निघाल्या. नवरा दुकानाच्या दारात हात जोडून उभा होता, काचांना की बायकोला ते त्याचं त्यालाच ठाऊक. घाटातलं तिसरं वळण आलं तेव्हा तिनं वेग तेवढाच ठेवला, ना कमी ना जास्त. गाडी कलली, पण एकदाच, आणि ठाम माणसानं मान वळवावी तशी परत सरळ झाली. मागून कसलाच आवाज नाही. काचवाली गुणगुणायला लागली.

वर इंजिनियरनं विजेरी लावून सहाही काचांच्या कडा तपासल्या. मग तो गाडीखाली वाकला. "बाई, हे कुठल्या कंपनीकडून करून घेतलंत?"

"घरीच."

"घरी कोण आहे?"

"मी आहे, मामंजी आहेत, आणि एक फ्रीज आहे."

त्यानंतर दुधाचा टँकरवाला आला, उंच पिंपं नेणारा आला, आणि शेवटी तो गॅरेजवालासुद्धा एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. मामंजी प्रत्येकाला आधी गाडीची मापं घेऊन यायला सांगतात, मापाशिवाय आलेल्याला शेडच्या दारातूनच परत धाडतात. काचवालीचं बोलणं त्याहून सरळ असतं. ती सांगते, "वळणावर डोलणार नाही, याची हमी माझी. पण रिकामी गाडी एका बाजूनं खड्ड्यात गेली की दुसरी बाजूही हादरेल, मणक्याला कळेल. चालत असेल तर गाडी इथे लावा, नसेल तर चहा पिऊन जा."

आजवर नुसता चहा पिऊन कोणी गेलेलं नाही.