पाठीमागचा टीव्ही

माझा नवरा सलून चालवतो. गोल्फ शिकायला मास्तर कशाला, म्हणे, टीव्हीवर बघून जमतं! तीन महिने कात्री गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आणि नजर समोरच्या आरशातल्या टीव्हीवर. घरी झाडू फिरवून सराव करताना माझे दोन कप फोडले मेल्याने.

काल मैदानावर उजव्या हाताने खेळायची काठी घेऊन हा शहाणा डावखुऱ्यासारखा उभा राहिला. चेंडू जागचा हलला नाही. लोक मात्र पोट धरून हसले. आरशात सगळं उलटं दिसतं, हे याच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

"एकदा तरी मागे वळून बघायचंस!" मी ओरडले.

"गरज काय? आरशात दिसतं की सगळं."

त्याच टीव्हीखालच्या बाकावर मी वीस वर्षं टॉवेलांच्या घड्या घालत बसलेय.