डुकरांची लस

लग्नानंतर लवकरच माझ्या मोठ्या बहिणीला फिट यायला लागल्या. धानाची रोवणी करता करता ती बांधीतल्या चिखलातच कोसळली. अंगात भूत शिरलंय म्हणत सासरच्यांनी तिला एटापल्लीकडच्या आमच्या गावी आणून सोडलं. चंद्रपूरला डोक्याचा स्कॅन केला तेव्हा कळलं, की जंताची अंडी अन्नपाण्यातून पोटात जाऊन मेंदूत गाठी झाल्यात. डॉक्टर म्हणाले, "डुकरं पाळणं सोडा तुम्ही लोक."

मी तेव्हा पशुवैद्यक व्हायला शिकत होते. ते 'तुम्ही लोक' मला आजही टोचतं.

माणसाच्या उघड्यावरच्या विष्ठेतून अंडी डुकरात जातात आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून जंत माणसात येतो. डुकरातच त्याला अडवणाऱ्या लशीची चाचणी आमच्या भागात सुरू झाली, तेव्हा मी पशुवैद्यक झाले होते; ते काम मी मागून घेतलं. बैठकीत एक वरिष्ठ म्हणाले, "लस कशाला? खाऊ नका म्हणून सांगा."

मी उभी राहिले. "गाय आजारी पडली तर दूध सोडा म्हणता का, सर? तिला लस देता. आमच्या डुकरानं काय घोडं मारलं?"

 मी खाली बसले नाही.

गावात मात्र कोणी डुक्कर धरू देईना. "सुईनं मरते ना ते," एक म्हातारे म्हणाले. बहीण पुढे आली. "मायी डुकरी पहिले टोच. मेली त मायी मेली." तिनंच मागचे पाय दाबून धरले. डुकरीच्या किंकाळ्यांनी गाव गोळा झालं. डुकरी जगली, मग बाकीचेही आपापली जनावरं घेऊन आले.

चाचणीच्या शेवटी डुकरं कापून तपासली. तुलनेसाठी लस न दिलेल्या एकाच्या मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे होते. लस दिलेल्यांचं मांस स्वच्छ निघालं.

"हेच माया डोक्शात होतं?" बहिणीनं विचारलं. मी हो म्हटलं.

दाण्यांच्या मांसाचा एक तुकडा तिनं काचेच्या बरणीत भरायला लावला आणि मला घेऊन सासरी गेली. बरणी अंगणात ठेवून सासूला म्हणाली, "हे पाहा तुमचं भूत. मले काऊन हाकललं होतं, सांगा आता."  नवरा म्हणाला, "राहून जा." ती म्हणाली, "नाई."

गोळ्यांनी तिच्या फिट थांबल्यात. आता ती माझ्यासोबत गावोगाव डुकरं धरायला येते. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ही लस अजून मिळत नाही. प्रत्येक बैठकीत मी ती मागते. माझा हात वर गेला, की साहेब घड्याळाकडे बघतात. बघू देत.