भागवतनं न पाहिलेला समुद्र

नेकनूरच्या अलीकडच्या आमच्या गावात, आमच्याच गल्लीत भागवतची पिठाची गिरणी आहे. दुसऱ्यानं चेष्टा करायच्या आत आपली आपणच उरकून घ्यावी, ही त्याची जुनी रीत. टक्कल, सुटलेलं पोट, दहावीचे तीन प्रयत्न, सगळं तो दळणाला आलेल्या बायकांना आपणहून ऐकवतो. एकाच विषयात तो स्वतःची चेष्टा करत नसे. समुद्र.

सोळा वर्षांपूर्वी मेहुणीच्या लग्नाला तो अलिबागकडे गेला होता. तेव्हापासून गल्लीत समुद्राचा जाणकार तोच. "समुद्र मी नुसता बघितला न्हाई, पिलोय," असं तो सांगायचा. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, संगीताला ठाऊक. लग्नातली बासुंदी त्याला सोसली नव्हती. दोन दिवस त्याचा मुक्काम लॉजच्या संडासात, आणि समुद्र भिंतीपलीकडं. आवाज तेवढा ऐकू आला. संगीतानं हे पोटात ठेवलं, पण फुकट नाही. सकाळचा चहा सोळा वर्षं भागवतच करत होता.

यंदा बचत गटाच्या बायकांची कोकणची सहल ठरली. त्यांत शेरडं राखणारी चतुराबाईही होती. आदल्या दिवशी ती दळणाला आली.

"भागवता, समुद्राचं पाणी खारं कावून असतं रं?"

"काकू, एवढे मासे त्यात. दिसभर पोहून घाम येणारच की!"

बाकी बाया खिदळल्या. चतुराबाई हसली नाही.

"आपल्या हिरीत बी मासे हायत. तिचं पाणी गोड कावून मग?"

भागवतनं उगीच पट्टा तपासला.

"मला तर माझा शेरडांचा हौद दिसतो," चतुराबाई म्हणाली. "बोअरच्या पाण्यात दगडातला खार येतोच, जिभेला कळत न्हाई इतका. मी रोज भर घालते, ऊन रोज पाणी उचलतं. पाणी जातं, खार न्हाई जात. वैशाखात काठाला पांढरं धरतं, शेरडं चाटत बसत्यात. नद्या बी डोंगर धूतच जात्यात की. पण समुद्रातनं पाण्याला भाईर जायला वाट हाय का? तू बघितलायस, तूच सांग."

"न्हाई... म्हंजे, मी चारी बाजूंनी न्हाई बघितला," भागवत म्हणाला. पिठानं पांढरा झालेला माणूस आणखी किती पांढरा पडणार, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढचे चार दिवस त्याला एकच घोर. ही बाई समुद्र बघून येणार, आणि चार प्रश्नांत आपली सोळा वर्षं उघडी पडणार.

सहलीवरून परतल्यावर तिनं प्रश्न विचारलाच नाही. भरल्या गिरणीत पाण्याची बाटली पुढं केली. "घे, तुझ्या जुन्या वळखीचं पाणी आणलंय."

सगळ्या बघत होत्या. भागवतनं ऐटीत झाकण काढलं आणि उन्हातनं आलेल्या माणसानं तांब्या तोंडाला लावावा तसा मोठा घोट घेतला. पुढच्याच क्षणी तो घोट वत्सलाबाईच्या बाजरीच्या पिठावर होता, आणि भागवतचे डोळे कपाळात.

"चव इसरलास व्हय रं?" चतुराबाईनं शांतपणे विचारलं. "समुद्र पिलेला माणूस बोट बुडवून चाटतो. घोट न्हाई घेत."

कोपऱ्यात संगीता पदर तोंडात कोंबून बसली होती. भागवतनं तोंड पुसलं.

"काकू, म्या लॉजचा संडास बघितला. अगदी चारी बाजूंनी. समुद्र न्हाई."

गिरणी बंद करावी लागली, एवढा हशा झाला. वत्सलाबाईला नवीन बाजरी दळून द्यावी लागली ती वेगळीच. उरलेलं पाणी चतुराबाईनं थाळीत ओतून पत्र्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी थाळीत पांढरा थर. आता भागवत तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो, आणि त्याबरोबर लॉजची गोष्टही, दर वेळी मुक्काम एक दिवसानं वाढवून.

गुपित फुटलं म्हणताना चहातून आपली सुटका झाली, असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तो उशिरापर्यंत पांघरुणात पडून राहिला.

"अवो, उठा की, चहा ठेवा," संगीता म्हणाली. "सोळा वर्षांत तेवढी एक गोष्ट खरी जमलीय तुमाला. आन् साखरच टाका बरं का."